सातशे डॉलर, चार टायर आणि बायकोची रात्रपाळी

ताई, स. न. वि. वि.

मी मूळचा साताऱ्याचा, सध्या मुक्काम किचनर, ऑन्टारिओ. मी दिवसा गोदामात कामाला, बायको एल्मायराच्या एका नर्सिंग होममध्ये रात्रपाळीला. गाडी एकच, २०१६ची सेकंडहँड कोरोला. परवा ऑइल बदलायला गेलो तर मेकॅनिक म्हणाला, या टायरांवर हिवाळा निघणार नाही. आहेत ते साधे ऑल-सीझन. आमचं बजेट सगळं मिळून सातशे डॉलर. अपार्टमेंटमध्ये राहतो, टायरचा दुसरा सेट ठेवायला जागा नाही.

इथले एक दादा म्हणतात, "मी दहा वर्षं ऑल-सीझनवर काढली, विंटर टायर म्हणजे दुकानदारांचा धंदा." सडबरीचा मित्र म्हणतो, विंटर टायर नसतील तर गाडी बाहेरच काढू नकोस. तिसऱ्याने मार्केटप्लेसवरची जाहिरात पाठवली: वापरलेले चार विंटर टायर, दोनशे डॉलर. स्वस्तातले ऑल-सीझन घेऊन भागेल का? की फक्त पुढचे दोन बदलू? इन्शुरन्समध्ये सूट मिळते म्हणतात, ते खरं का? आणि नाताळात सासू-सासरे येताहेत, त्यांना मॉन्ट्रियल दाखवायचं आहे. तिथे म्हणे विंटर टायर नसले तर दंड होतो.

— गोंधळलेला सातारकर

सातारकरा,

आधी उत्तर देते, कारणं मागाहून. चारही टायर बदल. ऑल-सीझन घेऊ नकोस, ऑल-वेदर घे, म्हणजे बाराही महिने गाडीवर राहणारा, पण बर्फातही पकड धरणारा टायर. ज्याच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह कोरलेलं आहे, तोच. ओळखीच्या कंपनीचा, मधल्या किमतीचा. सातशेत बसतं, पण अगदी काठोकाठ.

आता कारणं. तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तू अर्ध्या वाक्यात उरकलीस, ती म्हणजे बायकोची एल्मायराची रात्रपाळी. टायर निवडताना सगळे विचारतात, "तुमच्या गावात बर्फ किती पडतो?" मी विचारते, तुमची गाडी किती वाजता रस्त्यावर असते आणि कुठल्या रस्त्यावर? ४०१सारख्या वर्दळीच्या महामार्गावर वादळ थांबल्यापासून आठ तासांत डांबर मोकळं झालं पाहिजे, असा प्रांताचा दंडक आहे. तिथे बर्फ बाजूला सारणाऱ्या नांगराच्या गाड्या रात्रभर फिरतात, मीठ पडतं, हजारो गाड्यांच्या चाकांनी उरलासुरला बर्फ वितळतो. दुपारी बारा वाजता तिथून जाणाऱ्याला हिवाळा आहे हे फक्त काचेबाहेर बघून कळतं.

तुझी बायको रात्री दहाला निघत असणार आणि सकाळी सातला ड्यूटी संपवून परत येत असणार. वॉटरलू सोडून सेंट जेकब्सच्या पुढे गेलं की दोन्ही बाजूंना उघडी शेतं. हिवाळ्यात लेक ह्युरॉनवरून वाऱ्याबरोबर बर्फाचे लोट येतात ते याच पट्ट्यात. शेतावरचा भुसभुशीत बर्फ वारा उचलतो आणि रस्त्यावर आडवा आणून टाकतो. शंभर मीटर स्वच्छ डांबर, मग एकदम वीतभर पांढरा पट्टा, पुन्हा डांबर. नांगर अर्ध्या तासापूर्वी गेलेला असला तरी पट्टा पुन्हा तयार. त्यात रस्त्याच्या कडेने मेनोनाइट पंथाच्या लोकांच्या घोडागाड्या चालतात, अंधारातसुद्धा, मागे एक लाल दिवा आणि त्रिकोणी पाटी एवढ्याच भांडवलावर. त्या पट्ट्यावर ब्रेक दाबायची वेळ आली तर गाडी थांबली पाहिजे. तुला टायर घ्यायचा आहे तो या अर्ध्या तासासाठी. तुझ्या गोदामाच्या फेऱ्या कुठल्याही टायरवर होतील.

तुझ्या त्या दादांवर माझा राग नाही. दहा वर्षं काढली म्हणतात तर काढली असतील. पण ते कामाला किती वाजता जातात, आणि बर्फाच्या दिवशी घरून काम करतात की आयऑन ट्राम पकडतात, हेही एकदा विचारून घे. ज्या दिवसासाठी टायर लागतो त्या दिवशी त्यांची गाडी पार्किंगमध्ये असते, असा माझा अंदाज आहे. सडबरीचा मित्र त्याच्या जागी शंभर टक्के बरोबर आहे. तो उत्तर ऑन्टारिओत राहतो, तिथे खिळे ठोकलेले टायरसुद्धा कायद्याने चालतात, दक्षिणेत चालत नाहीत. त्याचा सल्ला त्याच्या रस्त्यांचा आहे.

साध्या ऑल-सीझनचं दुखणं त्याच्या रबरात आहे. साधारण ७ अंशांच्या खाली पारा गेला की थंडीत खोबरेल तेल थिजावं तसं ते रबर आखडायला लागतं. रस्त्याच्या खडबडीत पृष्ठभागात ते दबून बसत नाही, नुसतं वरून घसरतं. त्यासाठी बर्फ पडायलाच पाहिजे असं नाही. उणे दहाला कोरड्या डांबरावरसुद्धा पकड कमी होते. किचनरमध्ये डिसेंबर ते मार्च पारा बहुतेक वेळ सातच्या खालीच. विंटर आणि ऑल-वेदर टायरचं रबर थंडीत मऊ राहील असं केलेलं असतं, आणि नक्षीच्या ठोकळ्यांवर सुरीने मारल्यासारख्या बारीक चिरा असतात. बर्फ त्या चिरांत धरला जातो, आणि बर्फाला बर्फ चांगला चिकटतो.

दुकानात गेलास की टायरच्या बाजूवर दोन वेगवेगळ्या खुणा दिसतील. एक "एम प्लस एस", म्हणजे चिखल आणि बर्फ. ही जवळजवळ प्रत्येक ऑल-सीझनवर असते आणि दुकानदार ती बोट ठेवून दाखवतो. तिच्यावर भुलू नकोस. ती नक्षीत मोकळी जागा किती आहे यावर ठरते, त्या टायरची बर्फावर परीक्षा झालेली असेलच असं नाही. दुसरी खूण डोंगर आणि हिमकणाची. ती मिळवायला टायरला दाबलेल्या बर्फावर ठरलेल्या नमुना-टायरपेक्षा ठरावीक प्रमाणात जास्त ओढ दाखवावी लागते. मात्र ही परीक्षा गाडी पुढे खेचण्याची असते. ब्रेक लावून थांबण्याची नाही, आणि काचेसारख्या गोठलेल्या बर्फावरची तर नाहीच. म्हणून चिन्ह पाहिजेच, पण नुसत्या चिन्हावर कधी नाव न ऐकलेला सत्तर डॉलरचा टायर उचलायचा नाही. ओल्या रस्त्यावरचा ब्रेक, गोठलेल्या बर्फावरची पकड या गोष्टींत मोठ्या कंपन्या पैसे घालतात, त्या चिन्हात दिसत नाहीत. कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक मासिकाच्या चाचण्यांत त्या वेगवेगळ्या मोजलेल्या असतात. बऱ्याच सार्वजनिक वाचनालयांच्या कार्डावर ते फुकट वाचता येतं, तुझ्या वाचनालयात विचार.

आता तू म्हणशील, बायको असल्या रस्त्याने जाते तर ताई सरळ विंटर टायरच का सांगत नाही? सांगितले असते. गोठलेल्या बर्फावर अस्सल विंटर टायरची बरोबरी ऑल-वेदर करत नाही, हे आधीच कबूल. पण तुझे आत्ताचे टायर संपलेले आहेत. विंटर टायर घेतलेस तर एप्रिलमध्ये ते उतरवून पुन्हा उन्हाळ्यासाठी चार नवे घ्यावे लागतील, कारण विंटर टायर जुलैच्या गरम डांबरावर खडूसारखे झिजतात आणि पावसात ब्रेकही लांब लागतो. म्हणजे सहा महिन्यांत दोन सेट. त्यात लोखंडी रिमा वेगळ्या घेतल्या तर त्याचे पैसे, नाही घेतल्या तर वर्षातून दोनदा टायर रिमवरून उतरवण्या-चढवण्याचे पैसे. जागा नाही म्हणून दुकानात ठेवणावळ. सातशे डॉलरवाला माणूस यातलं पहिलं पाऊल टाकतो आणि दुसऱ्यासाठी पैसे उरत नाहीत, मग झिजलेल्या विंटर टायरवर सप्टेंबरच्या पावसात फिरतो. हे मी इतक्यांचं होताना पाहिलंय की आता आधी बजेट विचारते, मग टायर सांगते. तुझे जुने टायर अजून दोन उन्हाळे चालण्यासारखे असते आणि घराखाली लॉकर असता, तर माझं उत्तर डोळे झाकून विंटर टायर असं आलं असतं.

हिशेब मांडू. २०१६च्या कोरोलात मॉडेलप्रमाणे १५, १६ किंवा १७ इंचाची चाकं येतात. तुझं माप ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर आहे, आणि टायरच्या बाजूवरही. बहुतेक २०५/५५ आर १६ निघेल. त्यापुढचा आकडा आणि अक्षर म्हणजे वजन आणि वेग पेलण्याची ताकद. नवा टायर वजनाच्या आकड्यात त्याहून खालचा घ्यायचा नाही. या मापाचा मधल्या कंपनीचा ऑल-वेदर शोधलास तर साधारण १३०च्या आसपास मिळायला हरकत नाही. चारांचे ५२०. चढवणं, बॅलन्सिंग, वॉल्व्ह मिळून टायरमागे पंचवीसएक, म्हणजे १००. वर १३ टक्के एचएसटी, म्हणजे विक्रीकर. झाले सातशे. म्हणून दुकानात फोन करताना "टायर कितीला?" असं विचारूच नकोस, "चारही टायर बसवून, टॅक्ससकट, जुने टायर तुम्ही ठेवून घेऊन, दारातून बाहेर पडताना किती?" असं विचार. शंभर डॉलरचा टायर कधी कधी या प्रश्नानंतर दीडशेचा होतो. कॉस्टकोचं सभासदत्व असेल तर तिथेही भाव काढ, त्यांच्या बसवण्याच्या पैशांत बॅलन्सिंग, पुढची रोटेशन आणि पंक्चर धरलेलं असतं.

नावं हवीतच ना? हँकुकचा कायनर्जी ४एस२, कुम्होचा सोलस ४एस, फायरस्टोनचा वेदरग्रिप, जनरलचा अल्टिमॅक्स ३६५एडब्ल्यू, टोयोचा सेल्सियस २, नोकियनचा रेमेडी डब्ल्यूआरजी५. या सगळ्यांवर डोंगराची खूण आहे. यांतला ज्या आठवड्यात ज्याच्यावर सूट असेल तो घे, आपापसात भांडत बसू नकोस. माझा हात सवयीने नोकियनकडे जातो. फिनलंडची कंपनी, १९३४ साली पहिला हिवाळी टायर त्यांनीच काढला. पण तुझ्या सातशेत तो कदाचित बसायचा नाही. मिशेलिनचा क्रॉसक्लायमेट २ तर नाहीच नाही. एक नाव गंमत म्हणून सांगते: व्रेडेस्टाइनचा क्वाट्राक. कंपनी डच, पण २००९पासून मालकी आपल्या भारतातल्या अपोलो टायर्सची. टायर चांगला आहे, भावात मिळाला तर जरूर घे.

ऑल-वेदरची एक बाजू दुकानदार सांगत नाही. त्याचा हिवाळी गुण टायर संपण्याच्या खूप आधी संपतो. नव्या टायरची नक्षी साधारण आठ मिलिमीटर खोल असते. ऑन्टारिओचा कायदा दीड मिलिमीटरपर्यंत टायर चालवू देतो, पण चार मिलिमीटरच्या खाली बर्फ धरायला नक्षीत जागाच उरत नाही. म्हणजे अर्धा टायर झिजला की तो तुझ्यासाठी परत साधा ऑल-सीझन. पाच-सात डॉलरचं खोली मोजायचं गेज मिळतं, ते घे आणि दर ऑक्टोबरला चारही टायर मोज, प्रत्येकी आत, मध्ये आणि बाहेर. दर आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे मागे, मागचे पुढे कर. त्या पावत्या जपून ठेव, मायलेज वॉरंटी मागायची वेळ आली की कंपनी आधी त्याच मागते.

आता बसवण्याआधी एक गोष्ट बघ. जुने टायर आतल्या कडेने जास्त झिजलेत का? स्टीअरिंग पूर्ण एका बाजूला वळव, खाली बसून चाकाच्या आतून हात फिरव. आतली कड गुळगुळीत आणि बाहेरची जाड लागली तर अलाइनमेंट गेलेली आहे. मग शंभरेक डॉलर आणखी लागतील, पण ते न घातल्यास नवे टायर दोन हिवाळ्यांत तसेच होतील. झीज सारखी असेल तर दुकानदाराने कितीही आग्रह केला तरी अलाइनमेंटला नाही म्हण.

मार्केटप्लेसचे दोनशेवाले. फोटो मलाही दाखवलास तरी मी काही सांगू शकणार नाही, कारण असल्या जाहिरातींत टायर नेहमी दुरून आणि नक्षीच्या बाजूने काढलेला असतो. जायचंच असेल तर दिवसाउजेडी जा आणि मोबाइलचा टॉर्च लावून टायरच्या बाजूवर "DOT" ही इंग्रजी अक्षरं शोध. त्यापुढे अक्षरं-आकड्यांची माळ असते, शेवटचे चार आकडे म्हणजे जन्मतारीख: ३५१४ असेल तर २०१४ सालचा पस्तिसावा आठवडा. हे चार आकडे पुष्कळदा टायरच्या एकाच बाजूला असतात, दुसऱ्या बाजूला माळ मध्येच थांबते. म्हणून टायर उलटून बघ, "दिसत नाही" म्हणून सोडून देऊ नकोस. सहा वर्षांपुढचा विंटर टायर नक्षी भरपूर असली तरी घ्यायचा नाही, रबर कडक झालेलं असतं. नखाने दाबून बघितलंस तर तुलाच कळेल. चारही एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे आणि एका मापाचे हवेत. बाजूच्या भिंतीजवळ पंक्चरचा पॅच दिसला तर नमस्कार करून निघ. या सगळ्यातून पास होणारा सेट दोनशेला मिळाला तर तुझं नशीब. पण तरी उन्हाळ्याचे टायर आणि जागा हा प्रश्न उभाच राहतो. म्हणून तू त्या नादाला लागू नये असंच माझं मत.

पुढचे दोनच बदलायचे? अजिबात नाही. कोरोलाचं इंजिन पुढची चाकं ओढतं, म्हणून पुढे चांगले टायर घातले की गाडी निघताना छान निघते आणि माणसाला वाटतं काम झालं. मग एखाद्या वळणावर ब्रेक दाबला की पुढची चाकं धरतात, मागची धरत नाहीत, आणि गाडीचं ढुंगण पुढे यायला बघतं. ते सावरणं सराईत माणसालाही जड जातं, रात्रपाळी करून दमलेल्याला तर फारच. पैसे दोनचेच असते तर मी तुला महिनाभर थांब म्हटलं असतं, दोनवर भागव म्हटलं नसतं.

इन्शुरन्सची सूट खरी आहे. १ जानेवारी २०१६पासून ऑन्टारिओतल्या इन्शुरन्स कंपन्यांना विंटर टायरवर सूट देणं भाग आहे, बहुतेकांची २ ते ५ टक्क्यांच्या घरात असते. बऱ्याच कंपन्या डोंगर-हिमकण असलेला ऑल-वेदरही त्यात धरतात, पण सगळ्याच धरतात असं समजू नकोस. टायर घ्यायच्या आधी ईमेल करून विचार म्हणजे उत्तर लेखी येईल, आणि पावतीवर टायरचं पूर्ण नाव छापून घे. इथले प्रीमियम बघता पाच टक्केही कमी नाहीत, आणि दरवर्षी मिळतात.

मॉन्ट्रियलचं म्हणशील तर ते क्युबेक प्रांतात, आणि क्युबेकचा विंटर टायरचा कायदा १ डिसेंबर ते १५ मार्च लागू असतो आणि तो क्युबेकमध्ये नोंदलेल्या गाड्यांसाठी आहे. तुझी पाटी ऑन्टारिओची, तुला दंड नाही. आणि तिथे चालतो तो हाच डोंगर-हिमकणवाला टायर, तेव्हा ऑल-वेदर घातलेस तर हा प्रश्नच उरत नाही. मात्र सासू-सासऱ्यांना घेऊन निघायच्या आदल्या रात्री ५११ ऑन्टारिओ या वेबसाइटवर रस्त्याची स्थिती बघ. ४०१वर किंग्स्टनच्या आसपास रस्त्यावर पडताच गोठणारा पाऊस पडत असेल तर दिवस पुढे ढकल. त्यावर कुठलाच टायर चालत नाही, सडबरीवाल्याचासुद्धा.

हवेकडे लक्ष ठेव. पारा पाच-सहा अंश उतरला की टायरमधली हवा साधारण एक पीएसआयने कमी होते. सप्टेंबरच्या वीस अंशांत भरलेली हवा जानेवारीच्या उणे पंधराला सहाएक पीएसआय कमी भरते. कॅनडात हवेचा सेन्सर गाडीत असणं सक्तीचं नाही, त्यामुळे तुझ्या गाडीत दिवा लागेलच असं नाही. महिन्यातून एकदा, गाडी रात्रभर उभी असताना, सकाळी निघण्याआधी मोज. आकडा दाराच्या स्टिकरवरचा पाळायचा. टायरच्या बाजूवर छापलेला असतो तो कमाल दाबाचा, तो भरू नकोस.

आणि हे सगळं याच आठवड्यात कर. पहिला बर्फ पडला की किचनरमधल्या प्रत्येक दुकानात दोन-तीन आठवड्यांची रांग लागते आणि तुझ्या मापाचा स्वस्त टायर सगळ्यांत आधी संपतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कंपन्यांच्या रिबेट असतात, चार टायरवर साठ-सत्तर डॉलरचं प्रीपेड कार्ड वगैरे. फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो, त्याला मुदत असते, आणि अर्धे लोक तो भरतच नाहीत. दुकानाच्या पार्किंगमध्ये बसूनच भरून टाक. टायर बसवल्यावर ऐंशी-शंभर किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा एकदा आवळून घ्यायचे असतात, बहुतेक दुकानं ते फुकट करून देतात. बायकोच्या एल्मायराच्या दोन फेऱ्या झाल्या की तेवढं अंतर झालंच समज.